मंगळवारचं पाणी

कारखान्यांचं सांडपाणी तपासणाऱ्या आमच्या सरकारी प्रयोगशाळेत मंगळवारी जीप धुतली जायची. तसा आदेश कुणी काढलेला नव्हता. मी नोकरीला लागलो तेव्हा ती पद्धत पडलेलीच होती आणि कपाटाच्या किल्ल्या कुठं टांगतात हे शिकलो तसं मी तेही शिकून घेतलं. सोमवारी कारखान्यांचे नमुने आणायचे, बुधवारपासून शनिवारपर्यंत आणायचे. मंगळवारी मात्र आमचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे चाचा म्हणत, जीप अंगणातल्या चिंचेखाली लावून बादली आणि फडकं घेऊन बसायचे.

कारण साधं होतं, तरी ते कळायला मला दोन महिने लागले. सांडपाणी किती घाण आहे हे ठरवायची जी मुख्य चाचणी, तिला पाच दिवस लागतात. पाणी काचेच्या बाटलीत गच्च बंद करायचं आणि थंड कपाटात ठेवायचं. घाण जितकी जास्त, तितका त्यातले जंतू प्राणवायू जास्त खातात. पहिल्या दिवशी किती होता आणि पाचव्या दिवशी किती उरला, एवढं मोजायचं. सोमवारी लावलेली बाटली शनिवारी वाचायची, बुधवारची पुढच्या सोमवारी. मंगळवारी लावली तर ती रविवारी वाचावी लागणार आणि रविवारी कोण येणार? नमुना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावा म्हटलं तर आमच्या बिघडलेल्या फ्रीजमध्ये फायली बऱ्या राहत, पाणी नाही. झटपट होणारी दुसरी एक चाचणी होती, पण तिला लागणारं चांदीचं रसायन वरून चमचा-चमचा येई, आणि कारवाई करायची म्हटली की सगळे पाच दिवसांचाच आकडा मागत. म्हणून मंगळवारी नमुने नाहीत, आणि नमुने नाहीत म्हणून जीपची आंघोळ.

आज सांगताना त्यातली गडबड लहान मुलालाही दिसेल. तेव्हा आम्हा पाच पदवीधरांपैकी एकालाही दिसली नाही.

मी मूळचा लासूर स्टेशनकडचा. वडील तिथल्या धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव आमच्या लोकांची घरं पेटवली गेली, तेव्हा मी बारावीला होतो. आमचं घर जळालं नाही. शेजारच्या गावातली जळाली. वडिलांनी त्याच आठवड्यात बिऱ्हाड उचललं आणि औरंगाबादेत छावणीजवळ दोन खोल्या घेतल्या. नव्या कारखान्यांच्या भिंती उठत होत्या, तिथं त्यांना काम मिळालं, आणि मला केमिस्ट्री मिळाली. मी प्रयोगशाळेत लागलो तोवर ठरावाला बरीच वर्षं होऊन गेली होती, नाव मात्र बदललं नव्हतं. मोर्चे, बंद, अटका चालूच होत्या. ऑफिसात या विषयावर कुणी बोलत नसे. म्हणजे मी खोलीत आलो की बोलत नसत.

मला तेव्हा एक खोड होती. कुणी देवाचं नाव काढलं की माझी मान ताठ व्हायची. आपण धम्म घेतलेल्या घरातले, वर विज्ञान शिकलेले, तेव्हा समोरच्याचं अज्ञान दूर करणं हे आपलं कामच आहे असं मला मनापासून वाटे. चाचांना मी एकदा ताविजावरून बरंच सुनावलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "मियाँ, तुम्हारा ब्रेक फेल हुआ तो तुम क्या पकडते? मैं तो ये पकडता." मी त्यावरही व्याख्यान दिलं.

आमच्या फेरीत पुणे रस्त्याच्या अंगाला उठलेली नवी औद्योगिक वसाहत होती. तिथला एक कारखाना रंगासाठी लागणारी रसायनं करायचा. त्याचं सांडपाण्याचं शुद्धीकरण केंद्र पाहण्यासारखं होतं. तीन मोठे हौद, पाण्यात हवा फुंकणारं यंत्र, कडेनं कर्दळ लावलेली. आम्ही पोचायचो तेव्हा यंत्र घरघरत असे, हौदात पांढरा फेस उसळत असे आणि चहा तयार असे. बाहेर नाल्यात सोडलेल्या पाण्याचा नमुना आम्ही घ्यायचो, त्यांच्या माणसासमोर बाटलीला लाखेचं सील लावायचो. पाच दिवसांनी आकडा नियमात बसायचा. दर वेळी बसायचा. इतकं शहाणं सांडपाणी मी दुसऱ्या कुठल्या कारखान्याचं पाहिलं नव्हतं, पण मला त्याचं कौतुकच वाटायचं.

नाला तिथून खाली दोनेक किलोमीटरवर एका वस्तीजवळून जाई. धनगरांची सात-आठ घरं. पूर्वी ही माणसं मेंढरं घेऊन दौलताबादच्या डोंगराच्या कडेनं वर्षभर फिरत. आता जमिनीचे तुकडे घेऊन बसली होती. तरणी पोरं ठेकेदाराकडं कंपनीत जात, म्हातारी माणसं आणि सुना मेंढरं राखत. नाल्याचा नमुना आम्ही तिथंही घ्यायचो आणि महिन्यातून एकदा त्यांच्या पिण्याच्या पाण्याचाही. पिण्याचं पाणी म्हणजे झिरा. नाल्यापासून पन्नास पावलांवर वाळूत खणलेला खड्डा, त्यात पाणी झिरपून साचायचं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा झिऱ्यावर एक म्हातारी होती. गुडघ्याला चिंधी बांधलेली, कपाळावर हिरवं गोंदण. मी बाटली पुढं केली आणि पाणी हवंय म्हणालो. तिनं लोटा भरला, बाटलीच्या तोंडावर पदराचं टोक दुहेरी धरलं आणि त्यातून पाणी गाळायला लागली.

"आजी, गाळू नका! जसं आहे तसं पाहिजे."

"आन् पाव्हण्याला गाळ पाजू व्हय?"

"प्यायला नाही आजी. तपासायला."

तिला ते पटलं नाही, पण पदर काढला. दुसरा लोटा भरताना तिनं विचारलं, "कुनाचा रं तू?"

मी सरळ सांगितलं. त्या वर्षांत मी ते सांगताना आवाज थोडा मोठाच करायचो. लोट्याची धार आता वीतभर जास्त उंचावरून पडायला लागली, म्हणजे लोटा बाटलीला लागू नये. उंचावरून ओतलं की पाण्यात हवा मिसळते आणि आमच्या दृष्टीनं नमुना बाद होतो. हे तिला समजावून सांगण्यासारखं नव्हतं. मी बाटली रिकामी केली, चपला काढल्या आणि स्वतः झिऱ्यात उतरून, बाटली पाण्याखाली बुडवून भरून घेतली. ती बघत राहिली. जीपमध्ये बसून मी मागं पाहिलं तेव्हा ती झिरा उपसत होती. एरवीही रोज उपसत असतील. मी विचारलं नाही आणि पुढंही कधी विचारलं नाही.

पण महिन्या-महिन्याला जात राहिलो की बोलणं होतंच. चाळीस मेंढरांचा कळप तिचा स्वतःचा होता, नवऱ्याच्या मागं तिनं वाढवलेला. दोन मुलगे कंपनीत मजुरीला होते आणि त्यांच्या हातात रोजंदारी आल्यापासून घरात त्यांचा आवाज वाढला होता. तिचं ऐकलं जाई ते मेंढरांपुरतं. ती मेंढरं गेली तर आपण घरात चुलीजवळचं जुनं मडकं, असं ती हसत हसत म्हणायची. हसणं खोटं होतं हे मलाही कळायचं.

एकदा मी तिला विचारलं, ठरावाच्या त्या दिवसांत तुमच्या गावाकडं काय झालं होतं? ती म्हणाली, "आमी तवा मेंढरं घेऊन रानात होतो बाबा." त्या वर्षांत मी हा प्रश्न ज्या ज्या खेड्यात विचारला, तिथले सगळे त्या दिवशी रानातच होते. मी विषय सोडला.

त्याच दिवशी मी मेंढरांचं विचारलं तर म्हणाली, "समदं बरं हाय. मंगळवार तेवढा पाळावा लागतोय."

मंगळवार देवीचा. त्या दिवशी मेंढरू नाल्यावर न्यायचं नाही आणि झिऱ्याचं पाणीही भरायचं नाही, आदल्या दिवशीचं वापरायचं. पूर्वी दोन-तीन मंगळवारी मेंढ्या नाल्यावरून आल्या आणि तोंडाला फेस येऊन पडल्या, गाभण मेंढ्यांनी गाभ टाकला. तेव्हापासून तिनं हा नेम घालून दिला होता. मंगळवारी सगळी मेंढरं पहाटेच डोंगराच्या कुशीतल्या तळ्यावर न्यायची आणि दिवस कलताना परत आणायची. उन्हाळ्यात ही पायपीट भारी. कोकरं लंगडत यायची, सुना कुरकुरायच्या, पण नेम मोडायची कुणाची छाती नव्हती.

मी लगेच सुरू झालो. देवी कशी कोपेल, वाराचा आणि पाण्याचा काय संबंध, मेंढ्यांना रोग झाला असेल, जनावरांच्या डॉक्टरला का दाखवलं नाही. ती ऐकत होती आणि काठीनं वाळूत रेघा मारत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "झालं का? चहा घेतोस?"

मी चहा घेतला. वाराचा आणि पाण्याचा काय संबंध, हा प्रश्न मी स्वतःच मोठ्यानं विचारला होता. त्याचं उत्तर शोधायचं मात्र माझ्या मनातही आलं नाही.

पुढं एका सोमवारी नामांतरासाठी बंद पुकारला गेला. रजेच्या अर्जात मी पोटदुखी लिहिली आणि मोर्चात गेलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आलो तर आमचे साहेब काळजीत होते. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. सरळ माणूस, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली, कुणाशी तंटा नको असलेला. महिना संपत आला होता आणि बंदमुळं त्या कारखान्याचा नमुना राहून गेला होता. बुधवारी जीप दुसऱ्या तालुक्यात जाणार होती.

"आज आणला असता," साहेब म्हणाले, "पण रविवारी वाचायला कोण येणार?"

"मी येतो सर."

पोटदुखीचा थोडा हिशेब चुकता करावा, एवढाच त्यात विचार होता. चाचा नुकतेच जीपवर पहिली बादली ओतून बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मंगल को? कायकू मियाँ, गाडी गीली है." पण उठले.

नेहमीच्या वाटेवर बंदमध्ये जाळलेले टायर अजून पडून होते, म्हणून आम्ही उलट बाजूनं, आधी वस्तीकडून गेलो. नाला दिसायच्या आधी वास आला. कडवट, बदाम जळाल्यासारखा. पाणी तांबूस होतं आणि त्यावरून वाफ निघत होती. वस्तीत चिटपाखरू नव्हतं, सगळे मेंढरांमागं डोंगराकडं गेलेले. गुडघ्यामुळं ती एकटी ओट्यावर बसून लोकर पिंजत होती.

"आज आलास व्हय?" ती म्हणाली. "आज येत नसतेत."

आम्ही नाल्यातून तीन बाटल्या भरल्या आणि वर कारखान्याकडं गेलो. गेटवरचा माणूस गोंधळला. मंगळवारी साहेब लोक येत नाहीत असं तो आम्हालाच समजावू लागला. आत हवेचं यंत्र बंद होतं. कर्दळ तेवढी जागेवर होती. मागच्या मोठ्या टाकीची झडप पूर्ण उघडी होती आणि आठवडाभर साठवलेलं पाणी शुद्धीकरणाच्या हौदांना वळसा घालून सरळ नाल्यात चाललं होतं. मी नमुना घेतला, सील केलं, गेटवाल्याची सही घेतली. चहा नव्हता.

रविवारी मी एकटाच प्रयोगशाळेत गेलो. पाणी जास्त घाण असेल या हिशेबानं मी ते पाच वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून लावलं होतं. बाटलीत दोन औषधं घातली की साका बसतो. तपकिरी बसला तर प्राणवायू शिल्लक आहे, पांढरा बसला तर संपला. पहिल्या बाटलीत पांढरा. दुसरीत पांढरा, तिसरीत, चौथीत. सगळ्यात पातळ केलेल्या पाचवीत तेवढा फिकट तपकिरी बसला. मी स्टुलावर बसून त्या पाच बाटल्यांकडं बघत राहिलो. म्हातारीला जे कधीपासून माहीत होतं ते आमच्या प्रयोगशाळेला आज कळत होतं. आम्हीही मंगळवार पाळत होतो आणि आमचा मंगळवार कारखान्यानं ओळखला होता. मी तिला दिलेलं व्याख्यान शब्दन् शब्द आठवलं.

सोमवारी साहेबांनी नोंदवही दोनदा वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे आपण गाडी धुवायला कधी बसतो याची ते वाट बघत होते," ते म्हणाले. त्यांना राग आलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांनी नोटीस काढली आणि यापुढं मंगळवारीही नमुने घ्यायचे असं ठरवलं. रविवारी मी यायचं. त्याच्या बदली मला आठवड्यातला एक दिवस सुट्टी.

"कोणता पाहिजे?"

"गुरुवार," मी म्हणालो. गुरुवारी छावणीचा बाजार असतो आणि बाजार घरासमोरच भरायचा. साहेबांनी सही केली. शनिवारच्या बाटल्या गुरुवारी साहेब स्वतः वाचणार होते, पण नमुने आणून बाटल्या लावणारा मीच, त्यामुळं गुरुवारी जीप उभी राहणार हे ओघानंच आलं. चाचांनी बादली मंगळवारवरून गुरुवारवर नेली. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. तशी आमची नजर किती तयार होती ते सांगितलंच आहे.

त्यानंतरचे पाच-सहा मंगळवार पाणी स्वच्छ आलं. यंत्र चालू, फेस पांढरा, चहा परत सुरू. मी वस्तीवर गेलो तो छाती फुगवूनच. त्या दिवशी तिचा थोरला मुलगा घरी होता. दोघांसमोर मी सगळं उलगडून सांगितलं. देवीबिवी काही नव्हतं, कंपनी मंगळवारी घाण सोडत होती, आम्ही पकडली, बंद केली. आता मंगळवारची पायपीट नको, खुशाल नाल्यावर पाजा.

मुलगा खूश झाला. बायकोच्या पायपिटीवरून त्याच्या घरात रोजची कटकट होती. म्हातारीनं मात्र मला विचारलं,

"तू खात्रीनं सांगायलास?"

"आमच्या यंत्रावर मोजलंय आजी. सहा मंगळवार."

"बंद केलं म्हंजी, कायमचं?"

"नोटीस दिलीय. सरकारी."

ती उठली, आतून हळद-कुंकू आणलं आणि नाल्याच्या काठावरच्या दगडाला लावून आली. देवीची परवानगी घेतली असेल असं मला वाटलं. मी मनात हसलो. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी मंगळवार सोडला.

दोन महिन्यांनी, एका गुरुवारी, मी छावणीच्या बाजारात मिरच्या घेत होतो. भर दुपार. जनावरांच्या बाजूला ती दिसली. जमिनीवर बसलेली, पुढ्यात एका दावणीला बांधलेल्या आठ मेंढ्या, शेजारी धाकटी सून. मला वाटलं, कोकरं वाढली असतील, विकायला आणली. मी पिशवी सांभाळत जवळ गेलो.

"काय आजी, बाजार?"

"जे ऱ्हायलं ते इकायलो," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. ती सांगत होती तेव्हा आवाज चढला नाही की रडली नाही. मागच्या बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, सकाळी मेंढरं नाल्यावर नेली. सून नवी, तिला वास कळला नाही. दुपारपर्यंत अकरा पडल्या. दुसऱ्या दिवशी आणखी. गाभण होत्या तेवढ्यांनी गाभ टाकला. मुलगा म्हणाला, आता उरलेल्या मरायच्या आधी विकून टाक आणि घरी बस.

गुरुवार. मी मिरच्यांची पिशवी खाली ठेवली. माझी सुट्टी होती म्हणून मी इथं बाजारात बसलो होतो आणि माझी सुट्टी होती म्हणूनच तिकडं टाकीची झडप उघडली होती. बहुधा या क्षणालाही उघडी होती. त्यांना कुणी बातमी फोडली नव्हती. पाच-सहा आठवडे आमची जीप कुठल्या वारी येत नाही एवढंच त्यांनी पाहिलं असणार. तो वार मी माझ्या तोंडानं मागून घेतला होता. यात मेंढ्या मेल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर एका बाईचं घरातलं बोलणं गेलं होतं, ते माझ्या शब्दावर विसंबून.

"भावकीत म्हनतेत, देवीचा वार मोडला म्हनून झालं," ती म्हणाली. "त्या नामांतरवाल्याचं ऐकलंस म्हनून."

"आजी, देवी नाही. कंपनीच आहे. आता त्यांनी गुरुवार—"

"म्या येडी हाय व्हय?" तिनं मला तोडलं. "देवीला काय वास येतोय का? वाफ निघतीय का देवीची? कंपनीचं हाय ते मला पयल्या मंगळवारीच कळलं व्हतं. पर मी सांगितलं असतं तर कोन ऐकनार व्हतं? लेकं म्हनली असती, म्हातारीला चळ लागला, कंपनीवर पोट हाय आपलं, गप ऱ्हा. माझं नाय ऐकत. देवीचं ऐकत्यात. म्हनून देवीचं नाव घातलं. तू आलास आन् ते काढून टाकलंस."

सून दुसरीकडं बघत होती. ऐकत होती का, कळलं नाही. माझी सगळी व्याख्यानं मी एका अशा बाईला दिली होती जिला त्यांची गरज नव्हती, आणि तिनं ती चहा देऊन ऐकून घेतली होती.

"आता येक सांग," ती म्हणाली. "कोन्ता वार पाळू?"

मी बसल्या जागी हिशेब केला. उद्या साहेबांना सांगितलं तर ते पुन्हा चिडतील, नोटीस जाईल, गुरुवारी नमुने सुरू होतील. महिनाभर पाणी स्वच्छ येईल. मग झडप दुसऱ्या कुठल्या तरी वारी उघडेल. मंगळवारच्या नमुन्यावरून खटला भरायची फाईल मंजुरीसाठी मुंबईला जाऊन पडली होती. माणसं तितकीच, जीप एक, बाटल्या लावणारा एक. कुठला तरी वार रिकामा राहणारच होता. तो कोणता, हे कारखान्याला आधी कळणार आणि हिला मेंढ्या मेल्यावर. तोच वार कायम राहिला तर निदान ती तो पाळू शकत होती. नाल्याच्या खाली आणखी गावं होती, त्यांच्या पाण्याचं काय, हेही मला तिथं बसल्या बसल्या आठवलं.

"बेस्तरवार," मी म्हणालो. "बेस्तरवारी नाल्यावर नेऊ नका. झिऱ्याचंही भरू नका."

"किती दिस?"

"मी सांगेन तोवर."

"बदलायचा नाय ना आता?"

"नाही बदलणार."

तिनं मान हलवली. मग सुनेकडं एक नजर टाकून आवाज खाली आणला. "आन् घरी काय सांगू? कुनाचा वार म्हनून?"

ती उत्तराची वाट बघत होती. शेजारी एक गिऱ्हाईक मेंढीचे दात बघत उभं होतं. मी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा मुलगा, आणि माझ्या खिशात त्या आठवड्याच्या मोर्चाचं पत्रक होतं.

"देवीचाच सांगा," मी म्हणालो. "मंगळवार नाही, बेस्तरवार मागितलाय म्हणावं."

तिनं सुनेला हाक मारली आणि दावणीची गाठ सोडायला सांगितली. गिऱ्हाईक वैतागलं. आठही मेंढ्या घेऊन दोघी निघाल्या.

पुढच्या महिन्यात नोंदवही चाळताना साहेब म्हणाले, "आकडे पुन्हा फार चांगले यायला लागलेत. एकदा गुरुवारी जाऊन बघूया का?"

मी हातातली बाटली खाली ठेवली नाही. "गुरुवारी मला नाही जमत सर," मी म्हणालो. "बाजार असतो."

त्यांनी पान उलटलं. विद्यापीठाला नाव मिळालं त्या वर्षी माझी बदली झाली. तोवरच्या कुठल्याच गुरुवारी मी कामावर गेलो नाही.